बादलीभर समुद्र

आमच्या हॅम्बर्गच्या घरात खिडकीत काचेच्या बशा होत्या. त्यांत समुद्राचं पाणी, तळाला शेवाळाचा बुळबुळीत थर आणि त्यावर सरपटणारे माझे प्राणी. प्राणी म्हणायचं एवढंच. तोंड नाही, पोट नाही, डोकं नाही. पिठाच्या कणाएवढे चपटे ठिपके. पण समुद्रात पहिले प्राणी झाले ते साधारण असेच असावेत, असं आमच्यातल्या काहींना वाटतं, आणि मी त्यातलीच. एरवी हे दुभागतात आणि आपापल्या वाटेने जातात. माझे मात्र दुभागूनही एकमेकांना धरून राहायला लागले होते. सुट्या जिवांना एकत्र राहायची बुद्धी कशी झाली असेल, त्याचा धागा मला तिथे दिसत होता. माझ्या नोकरीचा करार त्यावरच वाढणार होता. करार नाही तर व्हिसा नाही.

अशात लॅबमधली ऊब राखणारी कपाटं बिघडली आणि तिथले सगळे मेले. वाचलेल्या बशा बॉसला विचारून मी घरी आणल्या, सोबत गाळलेल्या समुद्राच्या पाण्याचा कॅन. नेमका तेव्हाच आमचा दीड दिवसाचा गणपती, आणि पुण्याहून सासूबाई आलेल्या. त्यांना बजावलं, "आई, या बशा जपा हं, माझं सगळं काम आहे यात." त्यांनी चष्मा लावून पाहिलं, काही दिसेना. "बरं बाई," म्हणाल्या.

विसर्जनाच्या संध्याकाळी एस-बान, म्हणजे इथली लोकल, रखडली. घरी पोचले तर बाथरूममधल्या बादलीत बाप्पा कधीच विरघळले होते, आणि सासूबाईंचा चेहरा नुसता उजळलेला.

"अगं, घरात खरं समुद्राचं पाणी असताना बाप्पाला नळाच्या पाण्यात कशाला बुडवायचं? कॅन अख्खा ओतला. थोडं कमी पडलं, मग बशांतलंही घेतलं. बशा मात्र जपल्या हो, घासूनपुसून ठेवल्यात."

कपाळ माझं! खिडकीत बशा लखलखत होत्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी ओरडलेच, "तुमच्या बाप्पाने माझं पोट मारलं!" नवरा म्हणाला, "अगं, हळू." हळू काय हळू? मी बादलीपाशी बसकण मारली. शाडूचा गाळ, दुर्वा, अक्षता, हळद-कुंकू. चमचा चमचा पाणी बशीत घेऊन भिंगाखाली बघत राहिले. सगळी मातीच. बॉसला फोन केला, तर तो नुसतं "शाडे" म्हणाला. शाडे म्हणजे अरेरे. पुढे कराराचं काहीच बोलला नाही, तेव्हाच मी समजले.

बादली तशीच राहिली. वास यायला लागला. नवऱ्याची अंघोळीची पंचाईत. खारं पाणी, झाडांना घालायचीही सोय नाही. "टॉयलेटमध्ये ओतू का?" त्याने विचारलं.

"शौचकूपात?" सासूबाई उभ्याच राहिल्या. "अरे, बाप्पा आहेत त्यात. आणि हिचे जीव आहेत."

"काही नाही उरलं, आई," मी म्हटलं. "हळद-कुंकवात काय जगणार? मेलं सगळं."

"सगळं पाणी बघून झालं तुझं?"

"नाही."

"मग मेलं म्हणू नकोस."

त्यांनी पदर खोचला, स्टूल ओढून बादलीपाशी बसल्या आणि माझ्या हातातून भिंग घेतलं. गुडघे धड वाकत नाहीत त्यांचे. चमचाभर गढूळ पाणी बशीत ओतून कितीतरी वेळ त्यात पाहत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "कसे दिसतात गं तुझे ते? नीट सांग, म्हणजे मला ओळखू येतील."

मी सांगायला तोंड उघडलं, आणि हुंदकाच फुटला.