लाल विंचू आणि निळी फीत

बाभुळगावच्या दवाखान्यात खाटेवर टाकलं तेव्हा माझ्या नातीच्या तोंडाला फेस आला होता. हातपाय थंडगार, गणवेश घामानं चिंब, आणि तरी पोरगी दात आवळून गप्प.

"आजी, लाल विंचू चावलाय, लवकर का नाही आणलं?" डॉक्टरीण माझ्यावर खेकसली.

आणणार कशी? शाळेनं कळवलंच उशिरा.

तिच्या शाळेत रोज सकाळी शांततेचा तास असतो. मुलांच्या अंगी संयम यावा म्हणून. सतरंजीवर मांडी घालायची, डोळे मिटायचे, हलायचं नाही. महिनाभर जो हलला नाही त्याला निळी फीत. त्या दिवशी महिना भरत होता. कोठीतली जुनी सतरंजी न झटकताच अंथरलेली, विंचू तिच्याच घडीत. पोरगी डंख सोसून तास संपेपर्यंत बसली. उठताना कोसळली, तेव्हा समोर बसलेल्या वर्गाच्या सरांचे मिटलेले डोळे उघडले.

मी चौथीपर्यंत शिकले. आमचे गुरुजी छड्या मारत, पण विंचू चावल्यावर बोंबलायला परवानगी लागत नव्हती.

"काहून नाही ओरडली वं?" औषधानं ती जरा सावरली तशी मी विचारलं.

"फीत भेटणार होती, आजी."

संध्याकाळी हेडमास्तर केळी घेऊन आले. "एवढ्याशा वयात काय हा संयम! पोरीनं शाळेचं नाव काढलं, आजी."

"सर, सतरंजी झटकायले तुमच्याकडे माणूस नाही, फिती वाटायले बरा आहे! उद्या तुमीच बसा तिच्यावर मांडी घालून. विंचू आणून द्याचं माह्याकडे लागलं."

शेजारच्या खाटेवरची बाई खो खो हसली. हेडमास्तर उशीला फीत टाचून निघून गेले. ते काम मात्र विसरले नाहीत.

मग नर्स सलाईनची सुई बदलायला आली. तिला शीर सापडेना. पोरगी ओठ दाबून माझ्याकडे पाहत राहिली.

"ओरड," मी म्हटलं. "इथं कोणी पाह्यत नाही तू हलते का नाही ते."

सुई पुन्हा रुतली तशी तिनं जी बोंब ठोकली!

"कान फोडते काय वं माह्ये?" नर्स म्हणाली. पोरगी रडतच होती, मोठ्यानं, नाक गळेस्तोवर. मी तिला गप्प केलं नाही.

सकाळी डॉक्टरणीनं नाडी पाहिली आणि धोका टळला म्हणाली. फीत मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. शाळेचं नाव गेलं खड्ड्यात; वाचली ती माझ्या लेकीची लेक, सहावीत शिकणारी.