डावा गुडघा की उजवा

यशश्री गायधनीला दुसऱ्यांच्या चुका दिसत, आणि त्याचाच तिला पगार मिळे.

कॉलेज रोडच्या मागे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. तिथे माणसं अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे घालून, त्यांवर चमकते गोळे चिकटवून चालत, पडत, मारामाऱ्या करत. भोवतीचे कॅमेरे त्या गोळ्यांची हालचाल टिपत आणि यशश्रीच्या पडद्यावर माणसाच्या जागी नुसते त्रेपन्न ठिपके हलत. या गोळ्यांना मार्कर म्हणत. एखादा मार्कर हाताआड गेला की ठिपका गायब व्हायचा. तो तिनं भरून काढायचा. दोन ठिपके फार जवळ आले की सॉफ्टवेअर त्यांची अदलाबदल करून टाकायचं, मनगटाचं कोपर व्हायचं. ते तिनं जागेवर आणायचं. मग ती हालचाल परदेशातल्या गेममधल्या पात्रांना चढवली जाई. पंचवटीत भिक्षुकी करणाऱ्या चुलतसासऱ्यांना कुणीतरी "ती ठिपके जोडते" एवढंच सांगितलं होतं. सूनबाई रांगोळीचे क्लास घेते, अशी त्यांची पक्की समजूत होती.

आठ वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती की नव्या पोरांना ती ठणकावून सांगे, "माणूस फसवेल, मार्कर फसवत नाही."

एकदा एका गेमसाठी गुडघा दुखणारा म्हातारा हवा होता. तनय, तिचा साहेब, वयानं तिच्याहून लहान. त्यानं नाटकातले दोन कलाकार आणून पाहिले. दोघंही असे लंगडले की जणू पायात गोळी घुसलीय.

"यशश्रीताई, खरा म्हातारा कुठे मिळेल?"

"आमचे बाबा आहेत ना," ती म्हणाली. "तीन वर्षं गुडघा धरून बसलेत."

बाबा म्हणजे तिचे सासरे, बाळाजीराव. निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांचा गुडघा धरला. तेव्हापासून भाजी आणणं, मेहुणीकडे पिंपळगावला जाणं, पंचवटीत भावाकडे पूजेला येणाऱ्या यजमानांची सरबराई करणं, सगळं बंद. ते खिडकीशी पेपर वाचत बसत. गुडघ्याला चोळायचं तेल यशश्रीच न चुकता आणून देई.

बाळाजीराव यायला आढेवेढे न घेता तयार झाले. काळे कपडे चढवून आरशासमोर उभे राहिले नि म्हणाले, "सोवळं टाळण्यासाठी नोकरी धरली. शेवटी हे नेसायचं होतं." मग ते सहा वेळा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मधे पोहे झाले, चहा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशश्रीनं काम उघडलं. पहिल्या दोन फेऱ्यांत डावा गुडघा वाकत नव्हता. तिसरीत उजवा. नेहमीची अदलाबदल! तिनं डाव्या पायाचे ठिपके उजवीकडे नि उजव्याचे डावीकडे लावले. लगेच पडद्यावरच्या सांगाड्याच्या मांड्या एकमेकींत गुंतल्या. तिनं पुन्हा लावून पाहिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सासऱ्यांच्या पायांची वेणी घातली गेली होती.

डावा-उजवा ओळखता यावा म्हणून एका मांडीवर एक जादा मार्कर लावलेला असतो. तो आपल्या जागी निमूट बसला होता, म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. नाइलाजानं तिनं शूटिंगचा साधा व्हिडिओ लावला.

चहापूर्वी बाळाजीराव डाव्या पायानं लंगडत होते. चहानंतर उजव्या. पाचव्या फेरीत ते तनयला काहीतरी समजावून सांगत निघाले, त्या नादात सात पावलं तरण्याबांड माणसासारखी टाकली, मग आठवण झाल्यासारखे थबकले आणि कण्हत पुढे गेले.

यशश्रीची कानशिलं तापली. तीन वर्षं! किती बाटल्या तेल!

घरी आली तेव्हा सासूबाई, इंदिराबाई, मेथी निवडत होत्या. यशश्रीनं सगळं सांगितलं.

"सोमवारी डावा असतो," इंदिराबाई म्हणाल्या. "पाहुणे येणार असले की दोन्ही."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, चौतीस वर्षं साहेबांसमोर उभे राहिले. बसू दे म्हटलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या मायेनं तेल आणायचीस!"

यशश्रीला रागही धड येईना आणि हसूही. सकाळी तिनं तनयला स्पष्ट सांगितलं, "हे दुखणं खोटं आहे."

"क्लायंटनं पाहिलं," तनय म्हणाला. "म्हणतात, इतकी अस्सल गुडघेदुखी कधी पाहिली नाही. फक्त मधेच पाय बदललाय, तेवढं दुरुस्त करा."

आठ वर्षांत पहिल्यांदाच यशश्रीनं बिनचूक नोंदींत फेरफार केला. चहानंतरचं सगळं चालणं आरशातल्यासारखं उलटं केलं, सरळ टाकलेली सात पावलं कापली, आणि शेऱ्यात लिहिलं: 'डावा-उजवा गोंधळ होता, दूर केला.'

क्लायंटनं आणखी मागितलं: जिना चढणारा तोच म्हातारा. ही बातमी ऐकून बाळाजीराव पेटले. आपण कलाकार आहोत हे त्यांना उशिरा कळलं होतं. ते रोज पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊन म्हाताऱ्यांच्या चाली न्याहाळू लागले, घरी येऊन इमारतीचे चार मजले चढू-उतरू लागले. "लोकांना लंगडता येत नाही," असं नाश्त्याला बसल्यावर मुलाला, देवव्रतला, ऐकवू लागले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा डावा गुडघा खरोखर सुजला.

तरी ते शूटिंगला गेले. प्रत्येक पायरीला डोळ्यांत पाणी येत होतं, पण माघार घेतली नाही. यशश्रीनं ठिपके तपासले. एकही चूक नव्हती. पाय एकच, दुखणं एकच, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत.

क्लायंटची मेल आली: या वेळी अभिनय ओढूनताणून केल्यासारखा वाटतो, आधीसारखं सहज हवं.

तिनं ती बाबांना वाचून दाखवली. बाळाजीरावांनी गुडघ्यावरची बर्फाची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"खोटं म्हणतात?"

"हो, बाबा."

"त्यांना कळवून टाक," ते म्हणाले, "की त्यांना काही कळत नाही."

यशश्रीनं तसं कळवलं नाही. तिनं जुन्या फेरीतली खोटी पावलं उचलून जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक करून बसवली. काम पहिल्या झटक्यात पास झालं.