बोलणारं मशीन मी घेतलं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही – आणि तिला तर मी काय काय सांगते! तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जीभ जरा तरी उचलते आहे.

आमच्या सासूबाईंना – घरात सगळे त्यांना आक्काच म्हणतात – शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, घरी तपासायचं मशीन घ्या. नवरा इचलकरंजीला कापडाच्या धंद्यात, त्याला सवड कुठली? राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये मीच गेले. दुकानदारानं दोन मशीनं पुढं ठेवली. एक मोठ्या आकड्यांचं, शिवाय बोलणारं – बोट टोचून थेंब पट्टीला लावला की आकडा मोठ्यानं सांगायचं. दुसरं बारीक आकड्यांचं, मुकं.

"वयस्कर मानसासाठी हाय न्हवं? मग बोलणारं न्या की. त्यांचं त्यांना कळंल."

आक्कांना जवळचं धूसर दिसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मुकं घेतलं. घरी सांगितलं, डॉक्टरांनी हेच घ्यायला सांगितलंय.

का? आमच्या घरात मीठ कुठल्या बरणीत ठेवायचं, हेसुद्धा आक्का ठरवायच्या. एक तरी गोष्ट माझ्यावाचून अडावी, असं मला वाटलं. आकडा आधी मला दिसावा, मग त्यांना कळावा. एवढंच. एवढंच – असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

पुढं पर्युषण आलं. आक्कांनी दहाही दिवस एकाशन धरायचं ठरवलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर आक्कांनी कळत्या वयापासून तोंडात काही घातलेलं नाही, आजारपणातसुद्धा नाही. डॉक्टर आधी तयारच होईनात. शेवटी त्यांनी गोळ्या बदलून दिल्या आणि अट घातली – रोज तपासायचं, आणि आकडा सत्तरच्या खाली गेला तर दिवस-रात्र न बघता लगेच गोड द्यायचं. आक्कांनी ते मान्य केलं.

सगळं नीट चाललं होतं. व्रत संपत आलं असताना एका दुपारी मंदिरातल्या बायका घरी आल्या. आक्कांचं कौतुक करून झालं. मी पाणी घेऊन बाहेर आले, तर एकजण म्हणाली, पुढच्या वर्षी सूनबाईंना बसवा. आक्का हसल्या.

"हिला? हिला एक येळची भूक सोसत न्हाय. सैपाकघरात उभ्या उभ्या खाती ही."

सगळ्या हसल्या. मीही हसले, हातात ट्रे धरून. खोटं कुठं होतं त्यात? खायचे मी उभ्यानं, चोरून. त्यांनी ते बघितलं होतं – याचाच राग आला का? असेल.

त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी त्यांचं बोट टोचलं.

"किती गं?"

मशीनवर एकशे अठरा होतं. स्वच्छ दिसत होतं. आणि मी – कसं सांगू हे – मी म्हणाले, "आक्का, बासष्ट."

"मला तर कायबी हुत न्हाय. परत बघ की."

मी परत बघितलं नाही. मशीन खोटं सांगत नाही, म्हणाले. गुळाचं पाणी केलं. पेला ओठांशी नेला तेव्हा आक्कांनी डोळे मिटून घेतले होते. अजूनही थांबवता आलं असतं, नाही का? एक शब्द पुरला असता. मी पेला तिरपा केला.

त्यांच्या तब्येतीला ते बरंच झालं, असं म्हणता येईल. मी म्हणत नाही. मला त्या क्षणी त्यांच्या तब्येतीची काडीचीही काळजी नव्हती. मला त्यांना हरलेलं बघायचं होतं.

त्यानंतर आक्कांनी पुन्हा व्रत धरलं नाही. शरीराचा भरवसा न्हाय, म्हणतात. पाहुण्यारावळ्यांत मात्र अजून सांगतात – सूनबाईनं वाचवलं.

पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं त्याबद्दल लहानथोर सगळे हात जोडून एकमेकांची क्षमा मागतात. त्याच वर्षी, त्या दिवशी सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवले होते. पण मंदिरातून आल्या आल्या आक्काच माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात जोडले.

"माझ्या हट्टापायी तुझ्या जिवाला घोर लागला बघ. तू हुतीस म्हणून वाचलो. चुकलंमाकलं पोटात घाल गं बाई."

त्या माझी क्षमा मागत होत्या.

मी ती दिली.