भरिताचा थांबा

आमच्या वस्तीला नाव नव्हतं. जळगावच्या वेशीबाहेर, कापसाच्या शेतांना टेकून उभी असलेली मोजकी घरं ती. शेजारचं गाव आम्हाला शहरातलं समजायचं आणि शहर खेड्यातलं. त्यामुळे यावलहून जळगावला जाणारी एसटी आमच्यासमोरून धूळ उडवत जायची, थांबायची नाही.

माझं सगळं त्या गाडीवर अडलं होतं. शेजारच्या गावातली शाळा सातवीला संपत होती आणि पुढची जळगावात होती. वडील म्हणाले, गाडी वस्तीवर थांबली तर घालतो पोरीला आठवीत. गाडी थांबणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणूनच ते एवढे उदार झाले होते. मला त्यांचा भयंकर राग आला.

वस्तीतले सगळ्यांत जाणते आबा. अर्ज करून काही होत नाही, ड्रायव्हरला पोटातून वळवू, असं त्यांनी ठरवलं. थंडीचे दिवस होते. गाडीच्या वेळेला रस्त्याकडेला कपाशीच्या वाळल्या काड्या पेटल्या आणि आबा स्वतः वांगी भाजायला बसले. बायका पुऱ्या लाटत होत्या.

आबांना शेतीतलं सगळं कळत असेल, वांगं कळत नव्हतं. एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने हिरवंगार. वडील ओट्यावर बसून हे बघत होते. भरीत करावं तर त्यांनीच, हे सगळी वस्ती जाणून होती, आणि तेही जाणून होते. आधी त्यांनी तोंड फिरवलं, मग घसा खाकरला, शेवटी चप्पल न घालताच उठले.

"आबा, हे भरीत नही, राख हाये. सरका तिकडे."

मग काय विचारता! नवी वांगी, त्यांना तेलाचा हात, सगळीकडून सारखी आच. लाकडी मुसळीने ठेचणं, वरून मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. आई माझ्याकडे बघून पदराआड हसत होती. वडिलांना आपण कोणाचं काम करतोय याचं भानच नव्हतं.

गाडी पुढे गेली, कचकन थांबली आणि चक्क मागे आली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, पाठोपाठ प्रवासीही. सावद्याच्या एका आजीबाईंनी तर पुरी हक्काने मागून घेतली. आम्हाला चाटायलाही उरलं नाही.

पुढे गाडी भरीत असो-नसो थांबायला लागली. कंडक्टर 'भरीतवाले, उतरा' म्हणायचा. असं आम्हाला नावही मिळालं.

जूनमध्ये नवं दप्तर घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले. वडील शेजारी. गाडी थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, भाऊ, यंदाच्या थंडीत भरीत करणार ना?

वडिलांनी माझं दप्तर उचलून आत दिलं.

"पोरीले रोज टायमावर आनून सोडा," ते म्हणाले, "मंग करतो."