विमानात आई पाणी पीत नव्हती

दिल्लीहून विमान सुटून बराच वेळ झाला होता आणि आईने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तिच्यापुढचा ग्लास भरलेला होता तसाच होता. सत्तरीला टेकलेली बाई, बीपीचा जुना त्रास, आणि पुढे अख्खा समुद्र ओलांडायचा बाकी. तिला भावाच्या घरी धडधाकट पोचवायची जबाबदारी माझी होती.

माझं तसं कशातच लक्ष लागत नव्हतं. मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यात दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगची तयारी. आमची नागपूरची छोटी कंपनी खाणींसाठी फवारे बनवते, कोळशाची धूळ खाली बसवणारे. कन्हानकडच्या खाणींमधून मी वर्षानुवर्षं हेल्मेट घालून हिंडले आहे, पण अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीपुढे उभं राहायची ही पहिलीच वेळ. एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. मध्येच उठून फेरी मारायची, परत बसायचं, समोरच्या पडद्यावरचं ते इवलंसं विमान किती सरकलं ते पाहायचं. ते सरकायचंच नाही. आम्ही सूर्याच्या मागे लागलो होतो, त्यामुळे दिवसही मावळत नव्हता. अशा न संपणाऱ्या दुपारी माणसाचं डोकं फिरतं, निदान माझं तरी.

आई माझ्यासोबत होती ती भावामुळे. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती आणि माझी मीटिंग नेमकी त्याच्याच शहरात ठरली. "ताई, तू येतच आहेस, तर आईले घेऊन ये," त्याने फोनवर सांगितलं. आई काही तयार होईना. मले झेपत नाही, मी नाही येत बापा, हा एकच धोशा. नातवाचं तोंड पाहायला नको म्हणणारी आजी मी तोवर पाहिली नव्हती.

खरं तर दीड-दोन वर्षांपासून ती कुठेच जात नव्हती. लग्नाची पत्रिका आली की आहेराचं पाकीट माझ्या हातात द्यायची आणि स्वतः घरी बसायची. दरवर्षी दसऱ्याला पांढरं पातळ नेसून दीक्षाभूमीवर जाणारी बाई, आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आपण त्यांच्या कडेवर होतो हे दर वेळी नव्याने सांगणारी, तीही गेल्या वर्षी म्हणाली, "गर्दीत गुदमरते मले, तुम्ही जा." भाऊ म्हणे वय झालं. मी म्हणे हट्टीपणा वाढला. असं आम्ही दोघं फोनवर तिची डॉक्टरकी करायचो आणि ती शेजारच्या खोलीत बसून ऐकायची.

"आई, पाणी पे ना."

"पेली मी."

"कधी?"

"तू थे कम्प्युटरमंधी डोकं घालून होती तवा."

"ग्लास तर भरलेला आहे."

"दुसरा होता थो."

"आणि गोळी?"

"घेतली ना वं! किती वेळा विचारशीन?"

माझी आई ताकास तूर लागू देणारी नव्हे. तिने घरून आणलेल्या सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा उघडला आणि वडी माझ्या हातात ठेवली. स्वतः मात्र खाल्ली नाही. वडी खाल्ली की तहान लागते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

प्रवासात पाणी न पिणं आमच्या घरात नवं नव्हतं. आईने कामठीच्या एका शाळेत जन्मभर शिकवलं. नागपूरहून रोज सहा-सात जणींसोबत ऑटोत कोंबून जायचं आणि यायचं. शाळेत बाईमाणसाला जायची सोय नव्हती, म्हणून सकाळी कपभर चहा घेतला की संध्याकाळी घरी येईपर्यंत काही नाही. नरखेडकडे मामाच्या गावी एसटीने निघालो की आमच्या पाण्याच्या बाटलीवर तिचाच ताबा. "विहिरीवर गेल्यावर पे, पोट फुटेपर्यंत पे," म्हणायची. तेच वळण मला लागलं. खाणीवर शंभर पुरुषांत मी एकटी, तेव्हा साइटचा दिवस माझाही कोरडाच जातो. त्यामुळे तिला उपदेश करताना माझाच आवाज जरा पडत होता. पण नरखेडची एसटी वेगळी आणि हे वेगळं. इथे गाव लवकर येणार नव्हतं.

मी पुन्हा लॅपटॉप उघडला तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. हात गार लागला.

"मले गरगरून राहिलं," ती म्हणाली आणि तिची मान माझ्या खांद्यावर कलली.

मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग सरळ ओरडलेच. हवाई सुंदरी धावत आली, विमानात कुणी डॉक्टर आहे का म्हणून विचारणा झाली, आणि मागच्या रांगांमधून एक डॉक्टर बाई केस सावरत आल्या. त्यांनी आईची जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, बीपी मोजलं आणि तोंड वाकडं केलं. "सुबह से पानी पिया है माँजी ने?" त्यांनी मला विचारलं. आई खिडकीबाहेर पाहू लागली. कोणत्या गोळ्या घेते ते दाखवायला मी तिची पर्स उघडली, तर बीपीच्या पट्टीत दोन दिवसांच्या गोळ्या तशाच. त्या गोळीत लघवीचं औषध असतं, वारंवार जावं लागतं. म्हणून आईसाहेबांनी नागपुरातच ती बंद केली होती.

डॉक्टर बाईंनी मीठ-साखरेचं पाकीट हातात ठेवलं. थोडं थोडं पाजत राहा, उठवून चालवा, बाथरूमला न्या, म्हणाल्या. असंच कोरडं बसवून ठेवलं तर पायात रक्ताची गाठ होऊ शकते, बीपी कुठेही जाऊ शकतं, आणि इथे माझ्याजवळ काहीच नाही. हे सांगून त्या आपल्या जागेवर गेल्या. मी पाणी ढवळून ग्लास आईच्या ओठांना लावला. आईने ओठ घट्ट मिटले.

माझा तोल गेला. मरायचंय का तुला इथे, मी विचारलं. तुझ्या लेकाच्या दारात तुझं काय घेऊन उभी राहू, सांग. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि खरं सांगायचं तर मी भयंकर घाबरले होते. घाबरले की मी भांडते, हा माझा स्वभाव आहे. माझा आवाज चढत गेला. पलीकडच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या.

"धरवत नाही वं मले!" आई माझ्याहून मोठ्याने ओरडली.

ओरडली आणि स्वतःच दचकली. पदर तोंडाशी नेऊन तिने चहूकडे पाहिलं. पलीकडचा गोरा म्हातारा मला धीर दिल्यासारखा हसला आणि परत सिनेमा पाहू लागला. पुढच्या सीटवरची मुलगी हेडफोन लावून झोपली होती. आईने सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"इथं कोणाले समजून राहिलं?" ती म्हणाली. आणि मग बोलायला लागली.

हळू आवाजात नाही. घरात भाजी निवडताना बोलते तसं, चांगलं खणखणीत. खोकललं की होते, शिंकलं की होते. ऑटो खड्ड्यात आदळला की होते. शाळेच्या पिशवीत पोरांच्या वह्यांखाली एक परकर कायम ठेवून राहायची मी. आधी थेंबभर होतं, आता उठेपर्यंत दम निघत नाही. पुतणीच्या लग्नात खुर्चीवरून उठली तर खुर्ची ओली. सगळे जेवायले जाईपर्यंत तशीच बसून राहिली, पंगतीले बोलावलं तरी गेली नाही. लोक म्हणे, जाऊबाईचा राग आला.

"अन् दीक्षाभूमी?" मी विचारलं, जरी उत्तर मला कळलं होतं.

"पांढऱ्या पातळावर लपते का वं काही?"

मी तिचा हात धरून बसले होते. आम्ही भावंडांनी तिला हट्टी म्हटलं, माणूसघाणी म्हटलं, आणि ती ते सगळं अंगावर घेत गेली, कारण ते म्हणवून घेणं तिला सोपं होतं. याचं मला फार वाईट वाटलं.

"कधीपासून आहे हे?"

"तुह्या भावाच्या टायमापासून. लय जड बाळंतपण होतं थे."

माझ्या भावाच्या कानशिलावरचे केस आता पांढरे झाले आहेत.

"डॉक्टरले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? तुह्या आजीले सांगतलं, तर म्हणे बाईच्या जातीले होतेच थे. मंग म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी उठले, वरून माझी बॅग काढली. माझी जास्तीची काळी सलवार, टॉवेल आणि विमानातलं पांघरूण तिच्या मांडीवर ठेवलं. "भिजलं तर भिजलं," मी म्हणाले. "सीट काही आपली नाही." यावर ती फसकन हसली, आणि हसल्यावर डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते मला कळलं. तिने ग्लास उचलला आणि डोळे मिटून अर्धा संपवला.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाथरूमचं दार आतून लावायला ती तयार नव्हती, अडकली तर काय. मी बाहेरून दार धरून उभी राहिले. आतून फ्लशचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा, "बापा! काय खेचते वं हे!" रांगेतले लोक सरकून जागा देत होते. थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणू लागली, "उठ, चाल." लॅपटॉप मी बॅगेत टाकून दिला. तिचा डोळा लागला की मी तिच्या मनगटावर बोटं ठेवायची, नाडी लागते ना ते पाहायची, पुन्हा त्या पडद्यावरच्या विमानाकडे पाहायची. माझ्या जिवाला चैन पडली ती चाकं टेकल्यावरच.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग झाली. विचार करून कळवतो, असं ते म्हणाले. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

संध्याकाळी भावाच्या घरी परतले तर तो डायपर आणायला गेला होता. वहिनी पलंगावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती पुण्याची, बोलायला मृदू. आई तिच्यासमोर बसली होती आणि इकडचं तिकडचं काही न बोलता तिने सरळ विचारलं, "शिंकलं का कपड्यात होते का तुले?"

वहिनीला आधी समजलं नाही. आईने पुन्हा विचारलं, या वेळी जरा पुस्तकी मराठीत, वर्गात विचारावं तसं. वहिनीचा चेहरा लाल झाला. मग तिचे डोळे भरून आले.

"हो आई. मला वाटलं, सगळ्यांनाच होतं."

"सगळ्यायले होते म्हणूनच कोणी सांगत नाही. उद्या डॉक्टरले सांगाचं. तुह्यानं बोलवत नशीन तर मी येते संग."

मी दारातच कोट काढत होते. माझा मुलगा यंदा दहावीला आहे. आईने मान वळवली.

"अन् तुले?"

"छे," मी चटकन म्हणाले. "मला काही नाही."

आई माझ्याकडे पाहत राहिली.

"मी बी असंच चटकन म्हणत होती," ती म्हणाली.

मी कोट खुंटीला अडकवला.

"हसलं की," मी म्हणाले. "थोडं."