कुंदाताईचा प्रॉम्प्टर मी चालवायचो

कुंदाताई आज सकाळी गेली.

दुपारपासून सगळे तिच्या आवाजाबद्दल लिहितायत. तो आवाज तीन वर्षांपूर्वीच गेला होता. बहुतेकांना हे माहीत नाही, कारण तिने कुणाला सांगू दिलं नव्हतं.

आता सांगतो. रागावली तर रागावू दे.

संध्याकाळी सातच्या बातम्या वाचणारी कुंदाताई तुम्हाला आठवत असेल. कडक इस्त्रीची साडी, एक बट इकडची तिकडे नाही. करावे गावातली. वडील खाडीत मासे पकडायचे.

तिच्या पहिल्या बुलेटिनला अख्खी आळी घरात जमली होती, आणि वडील म्हणे टीव्हीकडे पाठ करून बसले होते. लेक अडखळली तर बघवणार नाही म्हणून.

मी तिचा प्रॉम्प्टर चालवायचो.

म्हणजे बातम्या वाचणाऱ्याच्या समोर, कॅमेऱ्याच्या काचेवर अक्षरं वर सरकतात ना, ती आपोआप सरकत नाहीत. बाजूच्या खोलीत कुणीतरी बसून एक चाक फिरवत असतं. ते कुणीतरी म्हणजे अस्मादिक.

एकोणीस वर्षं.

या कामात हातापेक्षा कान लागतो. ताई कुठे श्वास घेणार, अपघाताच्या बातमीत कुठे थांबणार, हवामानाला कशी सुसाट सुटणार, मला सगळं पाठ होतं. बायको म्हणायची, "माझं बोलणं कधी इतकं लक्ष देऊन ऐकलंयस?"

नव्हतं ऐकलं. खोटं कशाला बोलू.

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली होती. आदल्या दिवसाची स्क्रिप्ट लावली. ताईने अर्धी ओळ वाचली, जराशी हसली, आणि पूर्ण बुलेटिन हातातल्या कागदांवरून वाचून काढलं.

नंतर मी मान खाली घालून तिच्यासमोर उभा.

"मिलिंद, कालच्या बातम्या मी कालच वाचल्या. चल, चहा पाज."

एवढंच. वर कुणाला कळलंही नाही. माझी नोकरी राहिली ती तिच्यामुळे.

पुढे चॅनेलला तरुण चेहरे हवे झाले. ताईला दुपारचा स्लॉट दिला, मग पहाटेचा, मग "डेस्कवर जरा मदत करा". तिने भांडण केलं नाही. राजीनामा दिला आणि सीवूड्सच्या फ्लॅटवर आईबरोबर राहायला लागली. दोघीच.

वर्षभरात पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

समजायचं सगळं. शब्द तेवढा बाहेर यायचा नाही. 'पाणी' म्हणायला जायची, नुसताच 'प' यायचा. मग चिडून भिंतीकडे तोंड करायची. भेटायला कुणाला येऊ द्यायची नाही, मलासुद्धा नाही.

एक दिवस तिच्या आईचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत.

"डाक्टरीन बोलली, हिला मोठ्यान वाचायला लावा. पुस्तक दिला तं फेकून देते. तुजा ता मशीन हाय ना, ता घेऊन ये."

गेलो. हॉलमधल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला, लॅपटॉपला माझं चाक, आणि जुनी एक साधी, पाच ओळींची बातमी लावली. खाडीपुलाचं काम, वाहतूक वळवली वगैरे. आईने तिला साडी नेसवून, केस विंचरून समोर बसवलं होतं. ताई माझ्याकडे बघत नव्हती.

आणि मी परत माती खाल्ली.

हात सवयीने फिरला, सातच्या बातम्यांच्या स्पीडने. ओळी भराभर वर निघून गेल्या आणि ताई पहिल्याच शब्दावर अडकलेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

एकोणीस वर्षं मी तिच्यामागून चाललो होतो. त्या दिवशी तिला माझ्यामागे धावायला लावलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

लॅपटॉप मिटायला गेलो, तर तिने डाव्या हाताने टेबलावर दोनदा टकटक केलं. स्टुडिओत याचा अर्थ एकच असायचा, मागे घे.

मागे घेतलं. 'नमस्कार' हा एकच शब्द स्क्रीनच्या मधोमध आणला आणि चाकावरून हात काढला.

किती वेळ गेला माहीत नाही. आई गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. आधी 'न' आला. मग 'म'. मग बऱ्याच वेळाने अख्खा शब्द आला. जाडाभरडा, पण आला.

मी एक ओळ सरकवली.

मग दर रविवारी ऐरोलीहून तिच्याकडे जायला लागलो. चार महिने. कधी कधी एका वाक्याला सगळी सकाळ जायची. मी कंटाळलो नाही असं म्हणणार नाही. पण गेलो.

एका रविवारी तिने पाचच्या पाच ओळी वाचल्या. स्क्रीन कोरा झाला. माझं काम तिथे संपतं. लॅपटॉप मिटला, बॅग उचलली, चपला घालत होतो.

मागून आवाज आला.

"जेवून जा. म्हावरा हाय."

मला वाटलं आई बोलली. बघितलं तर आई तोंडाला पदर लावून ताईकडे बघत होती.

टीव्हीवर काही नव्हतं. एकोणीस वर्षांत तिची गावची बोली मी कधी ऐकली नव्हती, माझ्याशीही ती बातम्यांसारखंच बोलायची. हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं, मी सरकवलेलं नव्हतं. तिचं होतं.

जेवलो. माशाच्या कालवणावर दोनदा भात घेतला. रडत जेवलो, लपवत नाही.

त्यानंतर ती बोलत राहिली. हळू, तुटक, तेच घरचं. बातम्यांचा आवाज काही परत आला नाही, आणि तिने तो मागितलाही नाही.

तुम्ही तिचे जुने व्हिडिओ शेअर करताय, जरूर करा. फार सुंदर वाचायची.

सातच्या बातम्यांच्या कुंदाताईला तुमची श्रद्धांजली पोचेल.

माझी मात्र, रविवारी मला उपाशी जाऊ न देणाऱ्या कुंदाताईला.