खिंडीतली दोन माणसं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे उभी राहिले तेव्हाही एवढं एक वाक्य ओलांडून पुढचं बोलले. तुम्ही कोण, मला माहीत नाही. नाही म्हणूनच बोलता येतंय — समोर माणूस असलं की माझी जीभ जड होते, लहानपणापासून.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं. त्या वाचता येण्यानेच पुढे — पण ते नंतर.

लग्नानंतर उल्हासनगरात एका सेठच्या कारखान्यात मी बाहुल्यांचे डोळे रंगवायचे. दिवसभर फक्त डोळे. कारखाना बंद पडला तेव्हा सोबतच्या एकीने मला अंबरनाथला एका साहेबांकडे नेलं. फॅक्टरीतून निवृत्त झालेले, एकटे, हात कापायचे. त्यांना धुण्याभांड्याला बाई नको होती. बारीक कुंचला धरणारी हवी होती.

त्यांच्या पुढच्या खोलीत लढाईचं टेबल होतं. हसू नका, मीही आधी हसलेच होते. भुशाचे आणि प्लास्टरचे डोंगर, निळ्या रंगाची नदी, आणि बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई. साहेब ते साच्यात ओतायचे, मी रंगवायचे. दर रविवारी दुपारी उल्हासनगरचे कापडवाले दादा यायचे आणि दोघे म्हातारे फासे टाकून लढायचे. कोण किती चालेल, कोण थांबेल, कोण पळेल — सगळं फाशावर.

मोठ्या लढाया साहेबांना नको असायच्या. म्हणायचे, तिथे माणूस दिसत नाही, नुसती गर्दी दिसते. त्यांना लहान लढाया हव्या असत, कुणी लिहून न ठेवलेल्या. जुनी सरकारी पुस्तकं चाळायचे. दूधवाल्याला विचारायचे, भाजीवालीला विचारायचे — तुमच्या गावात कधी मारामारी झाली होती का, कशावरून, किती माणसं होती, वारा कुठून होता?

आणि एके दिवशी मला विचारलं.

तुमचं कुणी कधी कान देऊन ऐकलंय का? माझं तोवर कुणी नव्हतं ऐकलं. साहेबांनी चष्मा काढला, वही उघडली, आणि माझ्या बोलण्याची वाट बघत राहिले. मी आमच्या वाडीची लढाई सांगितली.

आमची वाडी बारवी धरणाच्या बाजूला, डोंगरावर. माझ्या आजाच्या तरुणपणी खालच्या खोताची चाळीस माणसं आमचं कापलेलं गवत न्यायला वर आली. वाडीचे पुरुष अकरा. नऊ जण गोफणी घेऊन डोंगराच्या धारेवर बसले, दोघे खिंडीत उभे राहिले. खोताच्या माणसांनी एक गंजी पेटवली, धूर खिंडीत भरला, वरच्या नऊ जणांना खालचं काही दिसेना. खिंडीतल्या दोघांतला एक मागच्या वाटेने पळाला. दुसरा एकटाच गोफण फिरवत राहिला, नऊ जण खाली उतरेपर्यंत. गवत वाचलं. दोघांतला एक मेला.

कापडवाले दादा म्हणाले, "ग्यारह आदमी? साईं, ये लड़ाई है या बारात?" पण साहेब हसले नाहीत. पेन्सिल थांबवून त्यांनी विचारलं, "खिंडीतले ते दोघे कोण?"

एक गोमा. दुसरा माझा आजा.

"आणि पळाला कोण?"

मला खरं माहीत होतं. ते आजीने मला सांगितलं होतं, चुलीपुढे, फक्त मला. म्हणाली होती, "तुझा आजा पळाला. पळाला म्हणून जगला, जगला म्हणून तू." आजा जन्मभर त्यावर एक अक्षर बोलला नाही. वाडीने मेलेल्याला मान दिला — चैत्रातल्या जत्रेत खिंडीतल्या देवाला पहिला नारळ गोमाच्या घरचा. कोण पळालं हे कुणी विचारलं नाही. मेला तो लढला, एवढं वाडीला पुरलं.

आणि मी म्हणाले, "गोमा. पळताना मागून दगड लागला त्याला."

का म्हणाले? त्या दोन दाढीमिशीवाल्या माणसांपुढे, पहिल्यांदाच कुणी ऐकत असताना, माझा आजा पळपुटा निघू नये — एवढंच होतं का? तेवढंच होतं. त्याला कारण म्हणायचं तर म्हणा.

साहेबांनी खिंड बनवली. मी दोन शिपाई रंगवले. साहेबांनी नियम लिहिला: गोमाला उभं राहायला सहाच पडायला हवेत, दुसऱ्या कशालाही तो पळेल. आजा फक्त एक पडला तरच पळेल.

पहिल्या रविवारी गोमाला सहा पडले. आजाला एक. दोघे हसले. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी दादांनी फासे बदलले, त्यांच्या नातवाच्या सापशिडीतले आणले. सहा, आणि एक. चौथ्या रविवारी टेबल कललंय म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. मी चहा घेऊन दारात उभी होते. फासा लाकडावर बराच वेळ फिरत राहिला आणि मग थांबला. मी बघितलं नाही. साहेबांचा आवाज आला, "सुमन, तुझ्या आजोबांना घरी जायची फार घाई दिसते."

त्यानंतर मी त्या दोन शिपायांकडे बघेनाशी झाले. बाहुल्यांचे हजारो डोळे रंगवलेत, कधी कुणी माझ्याकडे बघतंय असं वाटलं नव्हतं. गोमाचे डोळे मी खिंडीच्या तोंडाकडे रोखलेले रंगवले होते. टेबल पुसताना ते कुठूनही माझ्याकडेच लागलेले असत.

तेव्हा सांगायला हवं होतं. टेबलच सांगत होतं, मी फक्त हो म्हणायचं होतं.

साहेबांनी लढाईची पुस्तिका छापली. फाशाप्रमाणे नाही, माझ्या सांगण्याप्रमाणे. खेळ वेगळा, इतिहास वेगळा, म्हणाले. नकाशा, नियम, दोन पानं गोष्ट. पहिल्या पानावर, वाडीच्या एका लेकीने सांगितल्यावरून, असं लिहिलं होतं. एक प्रत मला दिली. ती माझ्या भावाने बघितली आणि वाडीवर नेली. मानाच्या नारळावर त्याचा डोळा आधीपासून होता. आता त्याच्या हातात छापील होतं. आमच्याकडे बोललेलं विसरतात, लिहिलेल्यावर वाद घालतात, पण छापलेल्यापुढे मान खाली घालतात.

मग हिरामावशी आली. गोमाची मुलगी. लढाई झाली तेव्हा रांगत होती. नवरा गेलेला, मूल नाही. वर्षातून एकदा तो नारळ फोडायचा, एवढंच तिचं होतं. बेलवलीला माझ्या घरी आली, पाणी प्यायली, पदरातून पुस्तिकेची एक घडी पडलेली प्रत काढली. ती कुणाकडून मागून आणली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून उलटीच धरली होती.

"तुझी आजी माझ्या आयशीला रोज एक भाकर धाडायची," ती म्हणाली. "मरंस्तवर. का धाडायची, तुला ठावं हाय ना?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"मंग वाच. माझ्या बाविषयी काय लिवलंय त्ये वाच. तुझा भाऊ खोटं वाचतो."

मी पुस्तिका सरळ केली. अक्षरं समोर होती — गोमा मागच्या वाटेने पळाला, आणि पळताना पडला. माझं बोट त्या अक्षरांखाली होतं. आणि मी मोठ्याने वाचलं, "गोमा खिंडीत एकटा उभा राहिला."

बोट तसंच सरकवत, एकेक शब्द, शाळेत वाचतात तसं.

तिने पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. तिने त्या ओळीवर हात फिरवला, पुस्तिका कपाळाला लावली आणि घडी करून ठेवली. जाताना माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाली, "शिकलेली पोर ती शिकलेली."

मला वाटलं का, की यावर ती गप्प बसेल? खरं सांगते, मला एवढंच वाटलं की ती माझ्या घरातून लवकर जावी.

जत्रेला मी गेले नाही. पोट दुखतं म्हणाले. पुढचं भावाने सांगितलं, हसत. हिरामावशी नारळ घेऊन पुढे झाली. भावाने अडवलं. तिने पदरातून पुस्तिका काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, सुमनने वाचून दाखवलंय, सुमन खोटं बोलायची नाही. मग वाडीच्या शाळेतल्या मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी वाचलं.

ती मास्तरांना म्हणाली, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग तिने नारळ देवापुढे खाली ठेवला, न फोडता, आणि घरी गेली. त्यानंतर ती कुणाच्याच दारात गेली नाही. माझ्याकडे तर नाहीच. दिवाळीआधी वारली. पहिला नारळ आजही आमच्या घरचा असतो.

साहेब वारल्यावर त्यांच्या पुतण्याने सामान काढलं. मला हवं ते घे म्हणाला. मी खिंडीतले दोघे घेतले. डब्यात एकमेकांना चिकटून ठेवते. कधी उघडलं तर एक उभा असतो, एक आडवा. उभा गोमा असतो. आडवा कोण असतो, ते तुम्हाला कळलं असेल. मी डबा हलवते, झाकण लावते. पुन्हा उघडते.

आज दुपारी घरात कुणी नाही. मुलीच्या वहीतला कागद घेतलाय.

गोमा खिंडीत एकटा उभा राहिला. माझा आजा मागच्या वाटेने पळाला.

आता हे लिहिलेलं आहे. हिरामावशीला वाचून दाखवलं तेव्हा नव्हतं.